सर्किट आणि पीसीबी काढायला फुकटातलं कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

मुलुंडचा पाणीवाला | शनिवार, रात्री ११.४२

नमस्कार मंडळी. इतके दिवस वाचनमात्र होतो, हा पहिलाच धागा. चूकभूल द्यावी घ्यावी.

आमच्या सोसायटीत पालिकेचं पाणी पहाटे येतं. खालची टाकी भरली की पंप चालू करायचा, वरची भरली की बंद करायचा, हे काम वॉचमनकडे होतं. वॉचमनला डुलकी लागली की गच्चीवरून धबधबा आणि सकाळी सेक्रेटरींचा व्हॉट्सॲप ग्रुपवर निबंध. म्हणून गेल्या वर्षी मी झिरो पीसीबीवर (नुसती भोकं असलेला तयार बोर्ड) एक कंट्रोलर जोडला. एक ५५५ (टायमरची आयसी), एक ७८१२ (१२ व्होल्ट देणारी), तीन बीसी५४७ (ट्रान्झिस्टर) आणि १२ व्होल्टचा रिले (विजेने चालणारा स्विच). आमच्या विंगमध्ये तो दहा महिने चालू आहे. आता बाकीच्या पाच विंगना तोच हवाय. झिरो पीसीबीवर परत पाच वेळा ते तारांचं जाळं विणायची माझी तयारी नाही, म्हणून रीतसर छापील बोर्ड, म्हणजे पीसीबी, करून घ्यायचाय.

मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला त्याला वीस वर्षं झाली, नोकरी भलत्याच क्षेत्रात. कॉलेजात शिकवलेलं सॉफ्टवेअर विकतचं होतं आणि महाग आहे. ऑफिसमधला एक जण "पेनड्राइव्हवर क्रॅक देतो" म्हणतोय, पण ते नको. लॅपटॉप जुना आहे, ४ जीबी रॅम. नेटवर शोधलं तर कायकॅड, ईगल, फ्रिट्झिंग, ईझीईडीए, लिब्रेपीसीबी अशी यादी निघाली. यातलं काय घ्यावं? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

सोल्डरसम्राट | शनिवार, रात्री ११.५१

कीकॅड. धागा संपला. झोपा.

खडूस | शनिवार, रात्री ११.५८

सम्राट, तुम्ही "धागा संपला" म्हटलेला एकही धागा आजवर शंभर प्रतिसादांच्या आत संपलेला नाही.

ताराबाई | रविवार, सकाळी ८.१०

सॉफ्टवेअरआधी एक प्रश्न. टाकीत पाण्याची पातळी कशी बघता? स्टीलचे स्क्रू सोडले असाल तर डीसीवर ते झिजतात. इलेक्ट्रोलिसिस होतं, वर्षा-दोन वर्षांत एक टोक गायब. सहा विंगना देणार असाल तर फ्लोट स्विच घाला. आत रीड स्विच आणि चुंबक, बाकी काही नाही.

आणि रिलेवरून पंप थेट चालवत नाही आहात ना? मोटर चालू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट खेचते, त्या निळ्या रिलेची पानं (आतले कॉन्टॅक्ट) चिकटतात. रिलेने फक्त स्टार्टरच्या कॉन्टॅक्टरची (म्हणजे मोठ्या रिलेची) कॉइल चालवायची.

मुलुंडचा पाणीवाला | रविवार, सकाळी ९.०५

ताराबाई, स्क्रूच सोडलेत :( एक खरंच बारीक झालाय, मला वाटलं पालिकेच्या पाण्याचा दोष. फ्लोट घालतो. रिले मात्र कॉन्टॅक्टरच चालवतो, तेवढी अक्कल शाबूत होती.

आगाऊ इलेक्ट्रॉन | रविवार, सकाळी ९.४०

मी फ्रिट्झिंग सुचवेन. ब्रेडबोर्डचं चित्र काढायचं, खऱ्या तारा जोडल्यासारखं. वीस वर्षांनी परत सुरुवात करणाऱ्याला सोपं. माझी पुतणी नववीत आहे, तिने शाळेच्या प्रदर्शनासाठी त्यात मस्त चित्रं काढली.

सोल्डरसम्राट | रविवार, सकाळी ९.५५

चित्रं मस्तच येतात. बोर्ड करताना कळतं. फ्रिट्झिंग जन्मलं ते जर्मनीत पॉट्सडॅमच्या एका विद्यापीठात, डिझाइनवाल्या आणि कलावाल्या मंडळींना इलेक्ट्रॉनिक्स समजावं म्हणून. त्या कामाला ते उत्तम. पण २३० व्होल्ट असलेला बोर्ड, त्यात ट्रॅकमधली (तांब्याच्या रेघांमधली) अंतरं, जाड ट्रॅक, ग्राउंडचा पूर (मोकळ्या जागेत भरलेलं तांबं), ही कामं त्यात करताना हात बांधल्यासारखं वाटतं. आणि तयार डाउनलोडसाठी ते साधारण ८ युरो मागतात. कोड खुला आहे, स्वतः बांधून घेतलंत तर पैसे नाहीत. म्हणजे मुक्त आहे, पण फुकट नाही.

आगाऊ इलेक्ट्रॉन | रविवार, सकाळी १०.०२

८ युरोसाठी एवढं? लॅमिंग्टन रोडला एका फेरीत त्याहून जास्तीचे एलईडी आणता तुम्ही.

सोल्डरसम्राट | रविवार, सकाळी १०.०४

ते उपयोगी पडतात.

सोल्डरसम्राटची बायको | रविवार, सकाळी १०.३१

पडत नाहीत. कपाटाचे तीन खण आहेत.

वाशीचा बेडूक | रविवार, सकाळी ११.१५

मुक्त आणि फुकट यातला फरक निघालाच आहे तर माझंही ऐका. या यादीत तीन जाती आहेत, त्या एकत्र मोजू नका.

पहिली, कंपनीने दाखवायला ठेवलेली फुकट आवृत्ती. ईगल त्यातलं. १९८८ सालचं जर्मन सॉफ्टवेअर, एकेकाळी हौशी लोकांचा जीव की प्राण. फुकट आवृत्तीत दोनच थर, बोर्ड ८० चौरस सेंटिमीटरपर्यंत, आणि धंद्यासाठी वापरायचं नाही. २०१६ मध्ये ते ऑटोडेस्कने घेतलं आणि २०२३ मध्ये जाहीर केलं की ७ जून २०२६ पासून विक्री आणि सपोर्ट बंद. आता नव्याने शिकायला ते घेणं म्हणजे स्टेशनातून सुटणाऱ्या गाडीत बॅग टाकून आपण फलाटावर राहण्यासारखं.

दुसरी, ब्राउझरवाली. ईझीईडीए त्यातलं. उघडलं की चालू, इन्स्टॉल काही नाही, आणि चीनमधल्या पार्ट विकणाऱ्या दुकानाचं कॅटलॉग आतच. पार्ट निवडला की फूटप्रिंटसकट (बोर्डावरची त्याच्या पायांची जागा) येतो. सोय आहे हे नाकारत नाही. पण तुमची फाइल त्यांच्या घरात राहते.

तिसरी, खरोखर मुक्त. कीकॅड, लिब्रेपीसीबी, जुनं जीईडीए. कोड खुला, फाइल तुमच्या डिस्कवर, बोर्डाच्या आकारावर किंवा विकण्यावर बंधन नाही. सोसायटीने उद्या तुम्हाला पैसे द्यायचे ठरवलं तर ते व्यावसायिक काम होतं बरं का!

मुलुंडचा पाणीवाला | रविवार, सकाळी ११.२२

सोसायटी पैसे देणार, या विनोदाबद्दल धन्यवाद.

फेरिक | रविवार, दुपारी १२.४५

ब्राउझरवाल्याबद्दल अनुभव सांगतो, नाव घेत नाही. तीन वर्षांपूर्वी एका सॉफ्टवेअरवर माझे अकरा बोर्ड होते. मधे त्यांनी नवी आवृत्ती आणली, जुनी प्रकरणं "रूपांतरित" केली. दोन बोर्डांत ग्राउंडचा पूर एका कोपऱ्यात भरलाच नाही. मला कळलं कधी, तर बोर्ड छापून आल्यावर. तेव्हापासून गर्बर (बोर्ड छापणाऱ्याला द्यायच्या फाइल) पाठवायच्या आधी वेगळ्या व्ह्यूअरमध्ये उघडून थर थर बघतो. कीकॅडबरोबर गर्बर व्ह्यूअर येतो, तोसुद्धा चालतो.

खडूस | रविवार, दुपारी १२.५०

भांडुपच्या गाळ्यात आम्ही बोर्ड करून घेतो, तो माणूस सहा वर्षं "गब्बर फाइल भेज दो" म्हणतोय. आता मलाही तोंडात तेच येतं.

गिरगावकर काका | रविवार, दुपारी ४.२०

गब्बर नव्हे, गर्बर. जोसेफ गर्बर म्हणून गृहस्थ होते, व्हिएन्नात जन्मले, अमेरिकेत गेले. प्रकाशाने फिल्मवर रेघा काढणारी यंत्रं त्यांच्या कंपनीने केली. त्या यंत्राला हुकूम देण्याची भाषा ती गर्बर. यंत्रं गेली, भाषा राहिली.

तुमची चर्चा वाचून गंमत वाटते. मी १९८४ साली अंधेरीला एका कारखान्यात लागलो तेव्हा सॉफ्टवेअर म्हणजे दिव्याचं टेबल, मायलरची शीट आणि काळी क्रेप टेप. पॅड म्हणजे चिकटवायच्या काळ्या चकत्या, त्यांना डोनट म्हणायचो. सगळं दुप्पट आकारात चिकटवायचं आणि मग कॅमेऱ्याने निम्मं करायचं, म्हणजे हाताची चूकही निम्मी होते. मे महिन्यात टेपचा गोंद घामाने सुटायचा. रात्रीतून ट्रॅक सरकला की सकाळी दोन लाइन शॉर्ट. आमचे साहेब भिंग घेऊन तपासायचे, तोच आमचा डीआरसी (अंतरं-नियमांची तपासणी).

त्यातली एक शीट मी घरी आणली होती, अजून भिंतीवर आहे. चाळीस वर्षांनी ती उघडायला कोणतीही आवृत्ती लागत नाही.

ताराबाई | रविवार, दुपारी ४.३३

काका _/\_ त्या शीटचा फोटो टाका ना.

गिरगावकर काका | रविवार, दुपारी ४.५०

नातू आला की टाकतो. मला फोटो लहान करता येत नाही.

सोल्डरसम्राट | रविवार, सायंकाळी ६.१८

आता मूळ प्रश्नाकडे. रात्री एका शब्दात उत्तर दिलं म्हणून खडूसने टोमणा मारला, तर हे घ्या सविस्तर.

कीकॅड १९९२ मध्ये ग्रेनोबलच्या ज्याँ-पिएर शारास यांनी सुरू केलं. वीस वर्षं ते हौशी लोकांचं, जरा वेडंवाकडं सॉफ्टवेअर होतं. २०१३ च्या सुमारास जिनिव्हाच्या सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेने त्यात माणसं आणि पैसा घातला, कारण त्यांना स्वतःचे बोर्ड कोणालाही उघडता येतील असे हवे होते. त्यातून जो राउटर (ट्रॅक ओढायचं साधन) आला त्यात तुम्ही नवा ट्रॅक घुसवलात की आधीचे ट्रॅक बाजूला सरकून जागा देतात. दादरला ८.५२ च्या फास्टमध्ये शिरल्यासारखं. फरक इतकाच की इथे कोणी शिव्या देत नाही.

तुमच्या जुन्या लॅपटॉपवर चालेल. इन्स्टॉल करताना थ्रीडी मॉडेल्सची लायब्ररी वगळा, ती सगळ्यात जास्त जागा खाते. बोर्ड थ्रीडीत फिरवून बघायला मजा येते, पण टाकीच्या कंट्रोलरला त्याची गरज नाही.

नवख्याला ज्या तीन ठिकाणी हमखास ठेच लागते ती आधीच सांगतो. एक, स्किमॅटिक (सर्किटची आकृती) काढताना ग्रिड ५० मिलवरून (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) हलवू नका. हलवलीत की तार पायाला टेकल्यासारखी दिसते, पण जोडलेली नसते. दोन, ईआरसी (जोडण्यांची तपासणी) चालवली की "पॉवरचा पाय कोणी चालवत नाही" अशी तक्रार येते. घाबरू नका, पॉवर फ्लॅग नावाचं चिन्ह त्या लाइनला लावायचं. तीन, नव्या आवृत्तीत सेव्ह केलेली फाइल जुन्यात उघडत नाही. मित्राला पाठवणार असाल तर आधी त्याची आवृत्ती विचारा.

मी मास्तर | रविवार, सायंकाळी ७.०२

सम्राटांचा तिसरा मुद्दा सोन्याचा. आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये जुनी आवृत्ती आहे आणि मुलं घरून नव्यातली फाइल आणतात. दर सबमिशनला तोच गोंधळ. अपडेट करायची परवानगी मागून दोन सत्रं झाली.

मराठीतून शिकायचं असेल तर पवईच्या आयआयटीचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प बघा. मराठीसकट अनेक भारतीय भाषांत तिथे सॉफ्टवेअरचे धडे आहेत आणि कीकॅडचेही आहेत. मात्र ते जुन्या आवृत्तीवरचे. त्यात नेटलिस्ट (जोडण्यांची यादी) वेगळी बनवून मग बोर्डात वाचायची असं दाखवलंय. आता एफ८ दाबलं की स्किमॅटिकमधले बदल थेट बोर्डात येतात. तेवढा फरक मनात धरून पाहिलं तर पाया पक्का होतो.

तिथल्याच फॉसी गटाने ई-सिम केलंय, म्हणजे कीकॅडच्या स्किमॅटिकला एनजीस्पाइस जोडून सर्किट चालवून बघायचं. ५५५ च्या सर्किटला एवढं लागणार नाही.

दुसरा मजला | रविवार, सायंकाळी ७.४०

ते "काय-कॅड" की "की-कॅड"?

वाशीचा बेडूक | रविवार, सायंकाळी ७.४४

की. कुलपाची की.

मुलुंडचा पाणीवाला | रविवार, सायंकाळी ७.५१

माझं आजवर कायकॅड होतं. "काय कॅड काढलंय!" असं वाटायचं मला.

आगाऊ इलेक्ट्रॉन | रविवार, रात्री ८.१५

सगळ्यांनी एकाच देवाची आरती चालवलीये म्हणून थोडा विरोध नोंदवतो. लिब्रेपीसीबी कोणी वापरलंय का? २०२३ मध्ये त्याची १.० आली. कीकॅड उघडलं की सहा-सात खिडक्या आणि शेकडो लायब्ऱ्या अंगावर येतात. लिब्रेपीसीबी त्यामानाने शांत आहे, पार्टमध्ये चिन्ह, फूटप्रिंट आणि खरा विकत मिळणारा माल एकमेकांशी बांधलेले असतात. पाणीवाल्यांचे एकूण पार्ट पंचवीससुद्धा नाहीत. एवढ्यासाठी सर्नची तोफ कशाला?

सोल्डरसम्राट | रविवार, रात्री ८.३०

वापरलंय. चांगलं आहे, मनापासून सांगतो. पण अडलात तर विचारणार कोणाला? कीकॅडचा प्रश्न इथे टाकलात तर रात्री बारालाही तिघे उत्तर देतील. लिब्रेपीसीबीचा टाकलात तर तुम्ही एकटे.

आगाऊ इलेक्ट्रॉन | रविवार, रात्री ८.३३

मी रात्री नऊला झोपतो.

पॅनेलवाला | रविवार, रात्री ९.१०

अवांतर: मी कंट्रोल पॅनेल करतो, मला पीसीबी नको, पण कॉन्टॅक्टर, ओव्हरलोड, टर्मिनल यांची वायरिंग डायग्राम काढायची असते. कीकॅड चालेल?

ताराबाई | रविवार, रात्री ९.२५

चालवता येईल पण कशाला. क्यूइलेक्ट्रोटेक घ्या, तेही मुक्त. कॉन्टॅक्टरची कॉइल एका पानावर आणि तिची पानं दुसऱ्या पानावर असली तरी नातं लक्षात ठेवतं. पाणीवाले, तुमच्या स्टार्टरच्या वायरिंगलाही तेच वापरा आणि प्रिंट काढून पॅनेलच्या दाराच्या आत चिकटवा. पुढचा इलेक्ट्रिशियन दुवा देईल.

खडूस | रविवार, रात्री ९.४१

सहा बोर्डांसाठी पीसीबीच कशाला म्हणतो मी. व्हेरोबोर्डवर (तांब्याच्या तयार पट्ट्यांचा बोर्ड) करा, डीआयवाय लेआउट क्रिएटर नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात पट्ट्या कुठे तोडायच्या ते दिसतं. एक रविवार, एक चहाचा थर्मास, सहाही तयार.

मुलुंडचा पाणीवाला | रविवार, रात्री ९.५५

खडूस, पहिला बोर्ड जोडायला मला चार रविवार लागले होते. बायकोने "सवत" असं नाव ठेवलंय त्याला.

ठरलं, कीकॅड उतरवतोय. फार नाही, १.१ जीबी झालं.

सोल्डरसम्राट | रविवार, रात्री १०.०१

थ्रीडीची टिक काढा!

---

मुलुंडचा पाणीवाला | पुढचा रविवार, दुपारी १.१०

प्रगती कळवतो. स्किमॅटिक दोन संध्याकाळीत झालं. ग्रिडची ठेच सांगूनही लागलीच. ईआरसीने आधी चौदा चुका दाखवल्या, पॉवर फ्लॅगने काही गेल्या, जे पाय वापरत नाही त्यांना "जोडायचं नाही"ची फुली मारली आणि यादी रिकामी झाली. फार समाधान वाटलं.

बोर्ड एकाच थरात बसवतोय. ऑटोराउटर, म्हणजे आपोआप ट्रॅक काढणारा, आहे का कुठे?

फेरिक | पुढचा रविवार, दुपारी १.३०

आत नाही. फ्रीराउटिंग नावाचा वेगळा प्रोग्राम आहे, कीकॅडमधून फाइल काढून त्यात द्यायची आणि परत आणायची. पण पंचवीस पार्टला हातानेच करा. ऑटोराउटरला २३० व्होल्ट कुठे फिरतोय याची भीती वाटत नाही, तुम्हाला वाटते.

ताराबाई | पुढचा रविवार, दुपारी २.०५

फेरिकशी सहमत. रिलेच्या मेन्सच्या पायांपासून १२ व्होल्टच्या कोणत्याही तांब्यापर्यंत मी ८ मिलिमीटर ठेवते, आणि कॉइल आणि पानं यांच्यामध्ये बोर्डाला खाच कापून घेते. टाकीशेजारची खोली दमट असते, पावसाळ्यात बोर्डावर धुळीचा ओला थर बसतो, तिथून करंट चालतो. जाडीचं म्हणाल तर नेहमीचं तांबं ३५ मायक्रॉन असतं. कीकॅडच्या कॅल्क्युलेटरमध्ये करंट घाला, ट्रॅकची रुंदी येईल. पण आकडा कितीही बारीक आला तरी तुम्हाला जागा आहे, २ मिलिमीटर ठेवा.

मी मास्तर | पुढचा रविवार, दुपारी ३.४०

आणि बोर्ड छापायला द्यायच्या आधी कागदावर १:१ प्रिंट काढा. कागद थर्मोकोलवर ठेवा आणि प्रत्येक पार्ट त्यात खुपसून बघा. रिले, टर्मिनल, फ्यूज होल्डर खासकरून. लायब्ररीतला फूटप्रिंट आणि लॅमिंग्टन रोडच्या दुकानदाराने हातात ठेवलेला माल हे सख्खे भाऊ असतीलच असं नाही. मुलांना मी थर्मोकोल दाखवल्याशिवाय सही देत नाही.

दुसरा मजला | पुढचा रविवार, दुपारी ३.५२

प्रिंट काढताना "पानात बसवा" ही टिक काढा. मी ९७ टक्क्यांवर अख्खा बोर्ड केला होता. चाळीस पायांची आयसी शेवटच्या चार पायांना रुसली.

फेरिक | पुढचा रविवार, दुपारी ४.१५

बोर्ड घरी करणार असाल, म्हणजे लेझर प्रिंट, इस्त्री आणि फेरिक क्लोराइड (तांबं खाणारं रसायन), तर खालच्या थराची प्रिंट मिरर करू नका. स्क्रीनवर खालचा थर वरून आरपार बघितल्यासारखा दिसतो, त्यावरची अक्षरं उलटी दिसतात. उलटी अक्षरं बघून माणूस मिररची टिक लावतो आणि फसतो. कागद तांब्यावर पालथा पडतो तेव्हा ते आपोआप सुलटं होतं. मिरर लागतो तो वरच्या थराला.

माझ्या पहिल्या बोर्डात आयसी पाय उताणे करून बसवली होती. मेलेल्या झुरळासारखी दिसत होती. पण चालली.

सोल्डरसम्राटची बायको | पुढचा रविवार, दुपारी ४.२०

आणि इस्त्री कपड्यांची वापरू नका. आणि ते तपकिरी पाणी मोरीत ओतू नका. आमच्या मोरीत २०१७ सालचा डाग आहे. पाहुण्यांना गंज सांगते.

सोल्डरसम्राट | पुढचा रविवार, दुपारी ४.२१

धागा संपला.

---

मुलुंडचा पाणीवाला | पाच आठवड्यांनी, शनिवार, रात्री १०.३०

धागा वर काढतो. घरी करण्याचा बेत बायकोने वरचे दोन प्रतिसाद वाचून हाणून पाडला. गर्बर एका गाळ्यात दिले, कमीत कमी दहा नग म्हणाले, दहा घेतले. थर्मोकोलच्या परीक्षेत फ्यूज होल्डर नापास झाला, फूटप्रिंट बदलला. मास्तर, शतशः धन्यवाद.

एक ठेच मात्र कोणीच सांगितली नव्हती. पहिल्या दुकानात बीसी५४७ संपले होते, त्याने "सेम है साब" म्हणत पीएन२२२२ दिले. दोन बोर्डांवर रिले उचलेनाच. रात्री दीडला कळलं की बीसी५४७ ची सपाट बाजू आपल्याकडे धरली तर पायांचा क्रम कलेक्टर-बेस-एमिटर, आणि याचे एमिटर-बेस-कलेक्टर.

ताराबाई | शनिवार, रात्री १०.४४

आणि पी२एन२२२२ नावाचा त्याचाच भाऊ आहे, त्याचे पाय परत बीसी५४७ सारखे. "सेम है साब" कधीच ऐकायचं नाही.

मुलुंडचा पाणीवाला | शनिवार, रात्री १०.५८

ट्रान्झिस्टर उलटे फिरवून लावले, चालले. सहाही विंगना बसवून नऊ दिवस झाले. फक्त बी विंगचा पंप दोनदा मधेच आपोआप बंद पडला, टाकी अर्धी असताना. फ्लोट तपासला, ठीक आहे. सोल्डरिंग परत केलं. ईआरसी, डीआरसी दोन्ही स्वच्छ आहेत. जुना झिरो पीसीबीवाला असं कधी करत नव्हता, म्हणून जरा डोकं चालेना. प्रोजेक्टची फाइल इथे जोडतोय.

गिरगावकर काका | रविवार, सकाळी ७.१५

माझ्याकडे ते सॉफ्टवेअर नाही. पीडीएफ पाठव, नातवाकडून छापून घेतो.

मुलुंडचा पाणीवाला | रविवार, सकाळी ८.४०

काका, पीडीएफ जोडली आहे.

गिरगावकर काका | रविवार, सकाळी ११.०५

छापली. अक्षर बारीक आहे पण भिंगाने दिसतं. ५५५ च्या पाचव्या पायावर फुली का मारली आहेस?

मुलुंडचा पाणीवाला | रविवार, सकाळी ११.२०

तो वापरत नाही काका. ईआरसी ओरडत होती, म्हणून फुली मारली.

गिरगावकर काका | रविवार, सकाळी ११.३२

जुन्या बोर्डावर तिथे काय होतं ते बघ.

मुलुंडचा पाणीवाला | रविवार, दुपारी १२.५०

गच्चीवर जाऊन आलो. जुन्या बोर्डावर पाचव्या पायापासून ग्राउंडला एक छोटा सिरॅमिक कपॅसिटर आहे, ०.०१ मायक्रोफॅरडचा. वर्षापूर्वी मीच लावलेला. नव्यात उतरवायला विसरलो.

गिरगावकर काका | रविवार, दुपारी १.०४

तो पाय म्हणजे आतल्या तुलनेचा काटा. मोकळा सोडलास तर अँटेना. शेजारी कॉन्टॅक्टर धाडकन सुटला की त्याचा झटका त्या पायात शिरतो आणि ५५५ पलटतो. बी विंगमध्ये लिफ्टचं पॅनेल पंपाच्या खोलीजवळ आहे का?

मुलुंडचा पाणीवाला | रविवार, दुपारी १.१०

भिंतीला भिंत लागून.

सोल्डरसम्राट | रविवार, दुपारी १.१५

मी सव्वीस वर्षं बोर्ड करतोय आणि मी ती फाइल उघडून तुमचे ट्रॅक किती सुंदर वळलेत ते बघत बसलो होतो.

मुलुंडचा पाणीवाला | रविवार, दुपारी १.२२

काका, नवे बोर्ड न करता जमेल? पाच आणि एकच्या मध्ये कपॅसिटर खालून, तांब्याच्या बाजूने लावतो.

गिरगावकर काका | रविवार, दुपारी १.३०

लाव. पाय आखूड ठेव. आणि फाइलमधली फुली काढ, नाहीतर पुढच्या सहा बोर्डांत परत येईल.

मुलुंडचा पाणीवाला | रविवार, रात्री ९.१५

सहाही लावले. फुली काढली.